लॅपटॉपवर वायफाय रखडते तेव्हा कुठे बघायचे, काय बदलायचे

‘नेट स्लो चालतंय’ ही तक्रार दोन वेगळ्या रस्त्यांबद्दल असू शकते. एक रस्ता इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीपासून राउटरपर्यंतचा, बहुधा तारेतून येणारा. दुसरा राउटरपासून लॅपटॉपपर्यंतचा, हवेतून जाणारा. यातला कुठला तुंबला आहे हे माहीत नसताना राउटर बंद-चालू करणे, डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलणे, ड्रायव्हर (वायफाय कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) काढून पुन्हा टाकणे हे सगळे अंधारात चाचपडणे ठरते. कधी गुण येतो, पण कशामुळे आला ते कळत नाही आणि आठवड्याने तेच दुखणे परत येते. म्हणून पहिला अर्धा तास फक्त मोजा. कुठल्याही सेटिंगला हात लावू नका.

मोजणी

सुरुवातीला एककाचा घोळ मिटवू. कंपनी प्लॅनचा वेग मेगाबिटमध्ये सांगते, तर ब्राउझर फाइल उतरवताना बहुतेक वेळा मेगाबाइट दाखवतो. ८ बिट म्हणजे १ बाइट. त्यामुळे १०० मेगाबिटच्या प्लॅनवर फाइल सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट वेगाने उतरेल, प्रत्यक्षात ११ ते १२. तुमचा आकडा एवढाच असेल तर बिघाड काहीच नाही.

आता तीन ठिकाणी मोजायचे. व्हीपीएन बंद ठेवा, घरातले मोठे डाउनलोड थांबवा आणि प्रत्येक ठिकाणी एकाच स्पीड टेस्टने तीनदा मोजून मधला आकडा लिहून ठेवा.

१. लॅपटॉप नेटवर्कच्या केबलने थेट राउटरला जोडून, वायफाय बंद ठेवून.
२. केबल काढून, राउटरपासून दोन-तीन मीटरवर, मध्ये भिंत नसताना.
३. तुम्ही रोज जिथे काम करता तिथे.

पहिलाच आकडा प्लॅनपेक्षा बराच कमी आला तर वायफायचा दोष नाही. त्याबद्दल शेवटी लिहिले आहे. पहिला चांगला आणि दुसरा खराब असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये गडबड आहे. पहिले दोन्ही चांगले आणि तिसराच पडलेला असेल तर प्रश्न अंतराचा, भिंतींचा किंवा शेजारच्या राउटरांच्या गर्दीचा.

केबलच्या मोजणीत एक फसगत ठरलेली आहे. प्लॅन २०० किंवा ३०० मेगाबिटचा आणि केबलवर आकडा ९४-९५ वरच अडकला, तर मध्ये कुठेतरी १०० मेगाबिटचा जोड आहे. राउटरचे पोर्ट जुन्या पद्धतीचे असेल, यूएसबीला लावायचा स्वस्त लॅन अडॅप्टर असेल किंवा केबल सदोष असेल. १ गिगाबिटच्या जोडणीला केबलमधल्या चारही जोड्या, म्हणजे आठही तारा लागतात. एखादी तार तुटली तर जोडणी अनेकदा गुपचूप १०० वर येते आणि बाहेरून सगळे ठीक दिसते. दुसरी केबल लावून पाहा, ती कॅट-५ई किंवा त्याहून वरची घ्या.

केबल लावायची सोयच नसेल तर पिंगवर, म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजण्यावर, काम भागते. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजी अक्षरांत पिंग लिहा, मोकळी जागा सोडून राउटरचा पत्ता द्या (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१), पुन्हा मोकळी जागा सोडून डॅश आणि टी हे अक्षर. थांबवायला कंट्रोल आणि सी. मॅकवर शेवटचा डॅश-टी लागत नाही. वायफाय धड असेल तर उत्तर १ ते ५ मिलिसेकंदांत येत राहते, अधूनमधून एखादा मोठा आकडा आला तरी चालतो. पण राउटर डोळ्यांसमोर असताना उत्तरे वारंवार १००-२०० मिलिसेकंदांवर उडत असतील किंवा मधली उत्तरे गळत असतील, तर दोष हवेतल्या रस्त्याचा आहे. राउटरचे उत्तर स्थिर असेल तर हेच ८.८.८.८ या पत्त्यावर (इंटरनेटवरचा गूगलचा सर्व्हर) करून पाहा. तिथे गडबड दिसली तर ती राउटरच्या पलीकडची.

लिंक स्पीड नावाचा आकडा

वायफायच्या काड्या पूर्ण दिसतात म्हणून वेग पूर्ण असतो असे नाही. काड्या फक्त आवाज किती मोठा ऐकू येतो ते सांगतात. त्या आवाजात किती गोंगाट मिसळला आहे आणि लॅपटॉप-राउटर कुठल्या पद्धतीने बोलत आहेत ते सांगत नाहीत. ते लिंक स्पीडवरून, म्हणजे लॅपटॉप आणि राउटर यांनी आपसात ठरवलेल्या मेगाबिटमधल्या वेगावरून, कळते. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय आणि मग तुमच्या नेटवर्कची प्रॉपर्टीज उघडा. खाली लिंक स्पीड, बँड (लहरींचा पट्टा, २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झ), चॅनेल (त्या पट्ट्यातला कप्पा) आणि प्रोटोकॉल (वायफायची पिढी) दिसतात. मॅकवर ऑप्शन बटण दाबून धरून वरच्या पट्टीतल्या वायफाय चिन्हावर क्लिक करा. टीएक्स रेट म्हणजे तोच आकडा.

प्रत्यक्ष वेग लिंक स्पीडच्या साधारण अर्धा ते दोन-तृतीयांश मिळतो. बाकीचा पावत्या देण्यात, पाळी येण्याची वाट पाहण्यात आणि चुकलेले पुन्हा पाठवण्यात जातो. म्हणजे लिंक स्पीड १४४ असताना ८०-९० मिळत असतील तर ते बरोबरच आहे, आणि त्या जोडणीवर २०० ची अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

काही आकडे पाहताक्षणी रोग सांगतात. राउटरजवळ बसूनही ५४ च्या वर काही जात नसेल तर एक तर राउटर किंवा लॅपटॉप २००३ च्या ८०२.११जी पिढीतला आहे, नाहीतर राउटरवर डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी ही जुनी सुरक्षा लावलेली आहे. ८०२.११एन पासूनचे वरचे वेग या जुन्या सुरक्षेसोबत मिळतच नाहीत. राउटरमध्ये डब्ल्यूपीए२ एईएस किंवा डब्ल्यूपीए३ निवडले की वेग वाढतो, आणि घराला कुलूपही बरे लागते.

७२ दिसत असतील तर लॅपटॉप २.४ गिगाहर्ट्झवर एकाच अँटेनाने बोलतो आहे. १४४ म्हणजे त्याच बँडवर दोन अँटेना. ४३३ म्हणजे ५ गिगाहर्ट्झवर एक अँटेना, ८६६ म्हणजे दोन. वायफाय ६ च्या दोन अँटेनांना ८० मेगाहर्ट्झ रुंदीवर १२०१ मिळतात. लॅपटॉपच्या माहितीत दोन अँटेना लिहिलेल्या असताना आकडा कधीच ४३३ च्या वर जात नसेल तर एक अँटेना आतून सुटलेली असण्याची शंका घ्या. पडदा किंवा बिजागरी दुरुस्त करून आणलेल्या लॅपटॉपमध्ये तर नक्कीच.

बँड बदलणे

सर्वात जास्त फरक इथेच पडतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, भिंतीतून बऱ्या जातात, पण जागा फार थोडी. त्यात शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, बिनतारी माउस, कॅमेरे आणि मायक्रोवेव्ह ओव्हन, जो साधारण २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो, सगळ्यांची रेटारेटी. ५ गिगाहर्ट्झवर जागा मुबलक. मात्र काँक्रीटची एक जाड भिंतही सिग्नलची दमछाक करते. राउटरच्या खोलीत किंवा लगतच्या खोलीत ५, त्यापलीकडे जे मोजणीत सरस ठरेल ते.

बरेच राउटर दोन्ही बँडना एकच नाव देतात आणि कुठला घ्यायचा ते लॅपटॉपवर सोडतात. लॅपटॉप कधीकधी २.४ ला चिकटून बसतो, कारण त्याचा आवाज मोठा असतो. राउटरच्या पानावर जाऊन ५ च्या नेटवर्कला वेगळे नाव द्या आणि लॅपटॉप त्यालाच जोडा. जुन्या नावासाठी ‘आपोआप जोडा’ ची खूण काढायला विसरू नका, नाहीतर झोपेतून उठलेला लॅपटॉप पुन्हा तिकडेच जाईल. राउटरमध्ये नावे वेगळी करता येत नसतील तर लॅपटॉपच्या बाजूने सोय आहे, ती पुढे येईलच.

राउटरच्या पानावर

ब्राउझरच्या पट्टीत राउटरचा पत्ता टाकला की पान उघडते. नाव आणि पासवर्ड बहुधा राउटरच्या खालच्या लेबलवर असतात. बदल एका वेळी एकच करायचा आणि प्रत्येकानंतर मोजायचे.

२.४ साठी चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० केल्यावर कागदावर वेग दुप्पट होतो, पण दाटीवाटीच्या इमारतीत दुप्पट गोंगाटही आत येतो. चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकीच निवडा. शेजारच्या दोन चॅनेलांत फक्त ५ मेगाहर्ट्झचे अंतर असते आणि सिग्नल २० मेगाहर्ट्झ रुंद, त्यामुळे हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. ‘कोणीच वापरत नाही’ म्हणून चॅनेल ३ घेण्याचा मोह होतो, तो टाळा. एकाच चॅनेलवरचे राउटर एकमेकांचे बोलणे समजतात आणि पाळी लावतात. अर्धवट चढलेल्या चॅनेलवरचा राउटर दुसऱ्याला निव्वळ खरखर वाटतो. चॅनेल ३ वर बसलात की १ वाल्यांची आणि ६ वाल्यांची, दोघांचीही खरखर तुमच्या वाट्याला येते. शेजारी कोण कुठल्या चॅनेलवर आहे ते फोनवरच्या वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारच्या अ‍ॅपमध्ये दिसते. नुसती राउटरांची संख्या मोजू नका, ज्यांचा सिग्नल जोरदार आहे त्यांना टाळा.

५ गिगाहर्ट्झवर ८० मेगाहर्ट्झ रुंदी ठीक असते. १६० चा उपयोग लॅपटॉपचे कार्डही तेवढे रुंद असेल आणि आसपास गर्दी नसेल तरच. ५२ ते १४४ हे चॅनेल अनेक देशांत रडारसोबत वाटून घेतलेले आहेत: राउटरने आधी किमान मिनिटभर ऐकायचे आणि रडारची चाहूल लागली की चॅनेल सोडून द्यायचे, असा नियम. ५ चे नेटवर्क मधूनच गायब होऊन थोड्या वेळाने उगवत असेल तर ३६ ते ४८ मधला चॅनेल लावून पाहा.

राउटर कुठे ठेवला आहे, ही फुकटातली दुरुस्ती आहे. टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर, आरशाच्या किंवा फिश टँकच्या आड, जमिनीवर कोपऱ्यात: या सगळ्या वाईट जागा. धातू लहरी परतवतो आणि पाणी त्या गिळते. छातीच्या उंचीवर किंवा त्याहून वर, घराच्या शक्य तितक्या मध्यावर ठेवा. बाहेरच्या अँटेना असतील तर त्या उभ्या ठेवा. अँटेना आपल्या टोकाच्या दिशेने सर्वात कमी आणि आडव्या बाजूंना सर्वात जास्त फेकते. त्यामुळे अँटेनेचे टोक लॅपटॉपकडे रोखले की सिग्नल वाढायचा सोडून कमीच होतो.

मॅकमधल्या त्याच यादीत आरएसएसआय, म्हणजे सिग्नलची ताकद, हा उणे आकडा दिसतो. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ७५ च्या पुढे ओढाताण सुरू. दर ३ डेसिबलला शक्ती निम्मी होते, तेव्हा टेबल फूटभर सरकवून ५-६ चा फरक पडला तर तो छोटा समजू नका.

लॅपटॉपच्या आत

स्टार्ट बटणावर उजवे क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क अडॅप्टर्सखाली वायफाय कार्डवर दोनदा क्लिक करा आणि अ‍ॅडव्हान्स्ड टॅबवर जा. इंटेलच्या कार्डांमध्ये इथे प्रिफर्ड बँड असतो. तो ‘प्रिफर ५’ वर करा. राउटरमध्ये नावे वेगळी करता आली नव्हती त्यांच्यासाठी हाच उपाय. वायरलेस मोडमध्ये कार्डाला येणारी सर्वात नवी पद्धत निवडलेली आहे ना, ट्रान्समिट पॉवर सर्वोच्च आहे ना, ते बघा. रोमिंग अ‍ॅग्रेसिव्हनेस म्हणजे दुसऱ्या राउटरकडे किती लवकर उडी मारायची ते, एकाच राउटरच्या घरात आहे तसे सोडा. बाकीच्या ओळींना कुतूहलापोटी हात लावू नका, आणि बदललेल्या प्रत्येक ओळीची मूळ किंमत आधी लिहून ठेवा. दुसऱ्या कंपन्यांच्या कार्डांत नावे वेगळी असतात, काही ओळी नसतातही.

शेजारी पॉवर मॅनेजमेंट टॅब असेल तर वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढा. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये हा टॅब नसतो. वीजबचतीचा संशय तपासायचा सोपा मार्ग: चार्जर लावून मोजा, काढून मोजा. फरक मोठा आला तर पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर करा.

ड्रायव्हर लॅपटॉपच्या किंवा वायफाय कार्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्या. ‘ड्रायव्हर अपडेटर’ म्हणवणारी त्रयस्थ सॉफ्टवेअर घेऊ नका. वेग कालपर्यंत ठीक होता आणि विंडोज अपडेटनंतर पडला असेल तर नव्या ड्रायव्हरच्या मागे लागण्याआधी ड्रायव्हर टॅबमधले रोल बॅक वापरून पाहा. शेवटचा उपाय नेटवर्क रीसेट. त्याने साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड आणि व्हीपीएनची मांडणी पुसली जाते, म्हणून ते आधी हाताशी ठेवा.

मग मागे चालणारे कार्यक्रम. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, प्रोसेसेसमध्ये नेटवर्कच्या मथळ्यावर क्लिक करा म्हणजे खादाड कार्यक्रम वर येतील. नेहमीचे दोषी म्हणजे विंडोज अपडेट, गेमची अपडेट आणि क्लाउडवर फोटो चढवणारे कार्यक्रम. तिसऱ्याकडे लोकांचे दुर्लक्ष होते, कारण ते अपलोड असते आणि तक्रार डाउनलोडची. पण डाउनलोड होणाऱ्या डेटाच्या पोचपावत्या अपलोडच्या वाटेनेच परत जातात. ती वाट फोटोंनी भरली की पावत्या रांगेत अडकतात आणि समोरचा सर्व्हर हात आखडता घेतो. ओळखायची खूण अशी की फोटो चढत असताना ८.८.८.८ चे पिंग २० वरून ३००-४०० वर जाते आणि राउटरचे पिंग मात्र जागचे हलत नाही. त्या कार्यक्रमातच अपलोडची मर्यादा घाला. राउटरमध्ये स्मार्ट क्यू किंवा एसक्यूएमची (ही रांग आवरण्याची) सोय असेल तर तिथे मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के आकडा भरा.

यूएसबी ३ ची बाह्य हार्ड डिस्क किंवा हब लावल्यावर वायफाय मंदावत असेल तर तो भास नाही. यूएसबी ३ च्या तारांमधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट बाहेर पडतो. इंटेलने २०१२ साली यावर सविस्तर टिपणच काढले होते. डिस्क लांब केबलने बाजूला ठेवा किंवा ५ गिगाहर्ट्झवर जा. ब्लूटूथ हेडफोन लावल्यावर वेग कोसळतो त्यावरही हाच दुसरा उपाय. आणि बाहेरचा मॉनिटर लावून लॅपटॉप मिटून ठेवत असाल तर उघडून मोजा, कारण अँटेना बहुधा पडद्याच्या कडेला किंवा बिजागरीपाशी असतात.

कार्डच कमकुवत असेल तर

स्वस्त लॅपटॉपमध्ये एका अँटेनाचे कार्ड सर्रास असते, जुन्यांत तर फक्त २.४ गिगाहर्ट्झवाले. तिथे सेटिंगची मर्यादा संपते. सोपा पर्याय यूएसबी वायफाय अडॅप्टर. दोन्ही बँडचा घ्या आणि यूएसबी ३ च्या पोर्टात लावा. नखाएवढ्या अडॅप्टरात अँटेनाही नखाएवढीच असते, तेव्हा थोडा मोठा बरा.

आतले कार्ड बदलायचे असेल तर आधी ते सुटे आहे की मदरबोर्डला डाखलेले, हे पाहा. सुटे कार्ड बहुधा एम.२ २२३० मापाचे असते. इंटेलचे एएक्स२१० जवळपास कुठल्याही अशा खाचेत चालते. एएक्स२०१ आणि एएक्स२११ मात्र इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरांसोबतच चालतात. दिसायला सारखी म्हणून ही घेऊन फसणारे पुष्कळ. काही जुन्या लॅपटॉपचे बायोस (लॅपटॉप सुरू करणारे आतले सॉफ्टवेअर) अनोळखी कार्ड स्वीकारतही नाही. कार्डावरची अँटेनाच्या तारांची टिचबटणे फार नाजूक असतात, सरळ वर उचलायची आणि सरळ खाली दाबायची. दोन्ही ‘टिक’ करून बसली नाहीत तर नव्या कार्डावर जुन्यापेक्षा कमी वेग येईल.

दूरच्या खोलीसाठी रिपीटर घेताना लक्षात घ्या की एकाच रेडिओवर ऐकून त्यावरच पुढे सांगणारा रिपीटर वेग निम्मा करतो. तो लॅपटॉपजवळ लावायचा नसतो, तर राउटर आणि लॅपटॉपच्या मध्यावर, जिथे राउटरचा सिग्नल अजून दमदार आहे. केबल ओढता येत असेल तर दूरच्या खोलीत केबलने जोडलेला दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारी पेटी) याहून कितीतरी सरस.

ज्यात वेळ घालवू नये

डीएनएस बदलून पान उघडायला होणारा पहिला विलंब कमी होऊ शकतो, डाउनलोडचा वेग तसूभर वाढत नाही. ‘विंडोज २० टक्के बँडविड्थ राखून ठेवते, ती मोकळी करा’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. ती राखीव जागा एखाद्या कार्यक्रमाने खास मागितली तरच लागू होते, एरवी सगळी तुमचीच असते. इंटरनेट बूस्टर नावाची सॉफ्टवेअर तर घेऊच नका.

केबलवरच वेग कमी असेल तर

राउटर आणि मोडेम दोन्हींचे प्लग काढून अर्धा मिनिट थांबा. आधी मोडेम चालू करा, त्याचे दिवे स्थिरावले की राउटर. पुन्हा केबलवर मोजा, सकाळी, दुपारी आणि रात्री नऊच्या सुमारास. फक्त रात्री पडत असेल तर वस्तीतल्या सामायिक वाहिनीवर गर्दी आहे. दिवसभर एकाच ठरावीक कमी आकड्यावर अडकला असेल तर प्लॅनची डेटा मर्यादा संपून वेग उतरवला गेला आहे का, ते खात्यात तपासा. कंपनीकडे तक्रार करताना मोजणीची वेळ, केबलवरचा आकडा आणि ८.८.८.८ च्या पिंगचा स्क्रीनशॉट द्या. वायफायवरचा आकडा दिलात तर ‘राउटरजवळ बसून बघा’ एवढेच उत्तर मिळेल.